तपकिरीच्या शेजारी

अण्णा, पालघर-माहीम रस्त्यावरच्या त्या बंगल्यातल्या बाईंचा गेल्या सोमवारी फोन आला होता. तुम्ही त्यांना विसरला नसणार. त्यांच्या घरात वीस-बावीस दिवस तुम्ही माझे वडील नव्हता. त्या म्हणाल्या, भिंतींचा रंग आता जुना झाला, एका कोपऱ्यात ओल आली आहे, पण मला दुसरा रंग नको, अगदी तोच हवा. आणि मग म्हणाल्या, "ते तुमचे रंगवाले काका होते ना, त्यांनाच पाठवा. त्यांच्यासारखा हात मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही." मी बोईसरच्या ऑफिसात होते. समोर एक नवरा-बायको स्वयंपाकघराच्या ओट्याखालची कपाटं कुठल्या रंगाची करायची म्हणून आपसात वाद घालत बसले होते. मी फोनवर म्हणाले, "ते आता काम करत नाहीत." तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, त्यामुळे हे वाक्य खोटं नव्हतं. मला अशीच वाक्यं येतात, खोटी नसलेली.

आज रविवार आहे. ऑफिस बंद आहे, शटर अर्धं खाली ओढून मी एका रद्द झालेल्या नकाशाच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे. तुम्हाला लिहायला कुठून सुरुवात करावी हे मला कळत नव्हतं, म्हणून त्या फोनपासून केली. पण गोष्ट तिथून सुरू होत नाही. ती बोईसरजवळच्या सालवडच्या दोन खोल्यांपासून सुरू होते, जिथे तुम्ही इचलकरंजीहून आईला आणि तीन वर्षांच्या मला घेऊन आलात, आणि मी शाळेत जायला लागल्यावर एक दिवस वर्गात बाईंनी सगळ्यांना विचारलं, तुमचे बाबा काय करतात. मी उभी राहून सांगितलं, माझे अण्णा किचनमध्ये काम करतात. तारापूरच्या कापडछपाईच्या कारखान्यात रंग कालवण्याच्या खोलीला सगळेच कलर किचन म्हणायचे, तुम्ही घरीही तोच शब्द वापरायचा, मला त्यात वेगळं काही वाटत नव्हतं. बाई म्हणाल्या, "म्हणजे आचारी आहेत का?" वर्ग हसला. मी मान हलवून हो म्हटलं, कारण खरं समजावून सांगायला जास्त वेळ उभं राहावं लागलं असतं. घरी आल्यावर मी तुम्हाला विचारलं की तुमच्या कामाला दुसरं काही नाव नाही का. तुम्ही म्हणालात, "हाय की. रंगारी." मला ते आचाऱ्याहून वाईट वाटलं. पुढच्या वर्षी नव्या बाईंना मी सांगितलं, ते प्रयोगशाळेत असतात.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची आणि त्या एका दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मी बारा वर्षांची आहे. यंत्रांना झेंडूच्या माळा आहेत, सगळ्या फरश्या धुतलेल्या आहेत, तरी त्या आंबट वासाने डोळ्यांत पाणी येतंच आहे. तुम्ही मला तुमच्या खोलीत नेता. भिंतीला लागून पिंपं, प्रत्येकावर खडूने आकडे, मध्ये एक लांब टेबल. मी विचारते, तपकिरीचं पिंप कुठलं? तुम्ही हसता. "तपकिरीचं पिंपच नसतंय. त्यो जन्माला घालावा लागतोय." आणि मग सुट्टीचा दिवस असूनही तुम्ही एका वाटीत खळ घेता, त्यात नारिंगी घालता, मग लाल, आणि मग काडीच्या टोकाने निळ्याचा एवढासा ठिपका. निळा पडल्याबरोबर ते भडक नारिंगी विझतं, खोल जातं, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते मातीचं होतं, मग सुपारीचं, मग काथाचं. तुम्ही कापडाच्या पट्टीवर ते ओढता आणि पट्टी माझ्या हातात देऊन म्हणता, "वाळू दे. ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा न्हाई." वाळल्यावर तुम्ही ती पांढऱ्या कागदावर धरता, मग पिवळ्यावर, मग निळ्यावर, आणि प्रत्येक वेळी तो वेगळाच दिसतो. एकदा तांबूस, एकदा हिरवट, एकदा नुसता काळा. तुम्ही म्हणता, "आधी त्याच्या पोटात काय हाय ते बघायचं. तांबडं हाय, का पिवळं, का काळं. ते कळलं की मग शेजारी कोण बसवायचा ते त्योच सांगतोय." तुमच्या नखांच्या कडांना तेव्हाही रंग होता. सणाला आईने लिंबाने घासून दिले होते तुमचे हात, तरी होता.

घरी येताना मी म्हणाले की मला नाही आवडत तपकिरी. मळखाऊ रंग आहे तो. हा शब्द आईचा होता, शाळेचं दप्तर घेताना ती म्हणायची, मळखाऊ घे, लवकर घाण दिसत नाही. तुम्ही सायकल थांबवलीत. मी मागच्या कॅरिअरवर होते. तुम्ही मला कधी रागावला नाहीत, मारणं तर दूरच, पण त्या दिवशी तुमचा आवाज चढला. "मळ खातोय म्हंजे काय? दुसऱ्याची घाण आपल्या पोटात घालतोय आणि दिसू देत न्हाई, त्याला नावं ठेवतीस?" मी घाबरून कॅरिअर घट्ट धरलं. मला तेव्हा वाटलं, एका रंगावरून इतकं काय. तुम्ही पुन्हा पॅडल मारायला लागलात.

मग मी मोठी झाले, आणि मुंबईला इंटिरिअरच्या अभ्यासक्रमाला मला जागा मिळाली. जाण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही एक वस्तू दिलीत. जाड तारेच्या कडीत ओवलेले कापडाचे तुकडे, बोटाएवढे, शंभराच्या वर. सगळे तपकिरी, आणि प्रत्येकाला पाठीमागून दुसऱ्या रंगाचा एकेक तुकडा टाचून जोडलेला. कॉफीच्या रंगाला सायीचा रंग. काथाला फिकट गुलाबी, धुऊन धुऊन विटलेल्या साडीसारखा. जवळजवळ काळ्या झालेल्या तपकिरीला मोहरीचा पिवळा. हिरवट तपकिरीला चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा हिरवा. इचलकरंजीपासूनच्या तीस वर्षांत वाया गेलेल्या पट्ट्यांतून तुम्ही हे जमवलं होतं. आई म्हणाली, "पोरगी शिकायला चाललीय, तिला काय चिंध्या देताय?" तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. कवातरी लागंल." मी ती कडी बॅगेच्या तळाशी घातली. हॉस्टेलच्या खोलीत माझ्या सोबतच्या मुलींकडे परदेशी कंपन्यांची गुळगुळीत शेडकार्डं होती. चार वर्षं ती कडी मी पलंगाखालच्या बॅगेतून बाहेर काढली नाही. आणि कुणी विचारलं तर सांगायचे, माझे वडील टेक्स्टाइल इंजिनिअर आहेत, तारापूरला असतात.

हेच मी त्या बाईंनाही सांगितलं होतं. ते माझं पहिलं स्वतंत्र काम. बोईसरला परत येऊन मी एक गाळा भाड्याने घेतला होता, आणि तीनेक महिन्यांनी कुणाच्या तरी ओळखीने हे काम आलं. बंगला नवा होता, पण सामान जुनं. बाईंच्या वडिलांची मनोरला लाकडाची वखार होती. त्यांनी मुलीच्या लग्नात दिलेलं शिसवी कपाट, आठ खुर्च्यांचं जेवणाचं टेबल आणि एक उंच पलंग, सगळं इतकं गडद की संध्याकाळी काळंच वाटावं. बाईंनी पहिल्याच भेटीत कपाटावर हात ठेवून सांगितलं, "हे माझ्या वडिलांनी स्वतः लाकूड निवडून करवून घेतलंय. बाकी घराचं तुम्हाला हवं ते करा, यातली एक वस्तू हलणार नाही आणि पॉलिशही बदलणार नाही." मग कौतुकाने विचारलं, "तुमचे वडील काय करतात?" मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "अरे वा, म्हणजे रंगांचं वेड घरातूनच आलंय तर."

मी भिंती पांढऱ्या केल्या. कॉलेजात शिकले होते की गडद लाकडाला पांढरा नेहमी चालतो. लावल्यावर ते कपाट भिंतीत पडलेल्या भगदाडासारखं दिसायला लागलं. मग एक भिंत करडी केली, तर सगळी खोली ओल्या राखेची झाली आणि लाकूड मेल्यासारखं. बाई दारातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय हो. यांचे एक मित्र मुंबईच्या डिझायनरला ओळखतात. सोमवारपर्यंत बघते, नाहीतर त्यांना विचारते." मी घरी येऊन जेवले नाही. तुम्ही नुकतेच रिटायर झाला होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "ते लाकूड मला बघायला मिळंल का?"

शनिवारी सकाळी आपण दोघं रिक्षाने गेलो. बाई बाहेर गेल्या होत्या, घरी फक्त त्यांच्याकडे कामाला येणारी मुरबे गावची बाई होती. मी माझ्या बॅगेतून ती कडी काढून तुमच्या हातात दिली. चार वर्षं ती उघडलीसुद्धा नव्हती हे तुम्हाला तारेच्या गंजावरून कळलं असणार. तुम्ही खिडकी उघडलीत, कपाटासमोर उकिडवे बसलात, दाराच्या खालच्या कडेला थुंकी लावून बोटाने चोळलंत आणि म्हणालात, "हे बघ. काळं दिसतंय, पर पोटात तांबडं हाय. जांभळाच्या बीसारखं." मग एकेक तुकडा लाकडावर ठेवत गेलात. "पांढरं ह्याला सोसत न्हाई. दोघं एकमेकाला उघडं पाडत्यात. भिंतीला सायीचा रंग दे, तापवलेल्या दुधावर येती ती साय. कपाटाच्या मागं निळा, पर हिरव्याकडं झुकलेला, जरा मळवलेला. आणि मोहरीचा पिवळा." मी विचारलं, पिवळा कुठल्या भिंतीला? "भिंतीला न्हवं. ताटात लोणचं किती असतंय? तेवढाच. उशीला, न्हाईतर पडद्याच्या काठाला." आणि मग सर्वांत महत्त्वाचं, जे मला कुणीही शिकवलं नव्हतं. "ह्या लाकडाचाच तपकिरी कालव आणि सगळ्या रंगांत त्याचा चमचा चमचा टाक. सायीतबी आणि निळ्यातबी. कुणाला दिसणार न्हाई. पर मग सगळी एका घरची वाटत्यात."

सोबत आणलेले रंग कालवून तुम्ही तिथेच भिंतीवर हातभर रुंदीचे पट्टे ओढलेत. दुपार होईपर्यंत ते वाळले आणि मी बघतच राहिले. कपाट पुढे आलं होतं. त्याच्यातला तांबूसपणा जागा झाला होता, आणि निळ्याच्या पुढे त्याच्या दारावरचं कोरीव काम मला पहिल्यांदा दिसलं. मला इतका आनंद झाला, अण्णा, की मी तुमचा दंड धरून हलवला. तुम्ही हसत होता, हात पायजम्याला पुसत होता. आणि तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. बाई आल्या, सोबत त्यांच्या दोन मैत्रिणी.

बाई भिंतीसमोर थांबल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे तर बाबांच्या घरात दिसायचं तसं दिसायला लागलं." त्यांचे डोळे भरले होते. मैत्रिणीही वाकून बघायला लागल्या. मग बाईंचं लक्ष तुमच्याकडे गेलं. मळका सदरा, गुडघ्यावर चुना, पायांत चप्पल नाही कारण फरशी खराब होऊ नये म्हणून तुम्ही ती बाहेर काढली होती. "आणि हे कोण?" त्यांनी विचारलं. तुम्ही हात जोडलेत. तुम्ही तोंड उघडलंत आणि म्हणालात, "मी हिचा..." आणि मी मध्येच बोलले, "हे आमचे रंगवाले. जुने आहेत."

किती वेळ गेला असेल? एखादा श्वास. तुमचे जोडलेले हात तसेच होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी तुमच्याकडे पाहिलं नाही, मला ते बाजूने दिसलं. मग तुम्ही बाईंना म्हणालात, "व्हय बाई. मॅडमनी बोलावलं म्हणून आलो."

मॅडम. तुम्ही इतक्या पटकन म्हणालात ते. जसं काही मी घसरत होते आणि तुम्ही खालून हात लावलात. बाई म्हणाल्या, "फार छान हात आहे हो तुमचा, काका. चहा घ्या." कामवाल्या बाईंनी आम्हा चौघींना टेबलावर कपबशीतून चहा दिला आणि तुम्हाला बाहेर पायरीवर स्टीलच्या पेल्यातून. कुणी तुम्हाला बाहेर जा म्हटलं नव्हतं. तुम्ही आपणहोऊन गेलात. मी बाईंच्या वडिलांच्या खुर्चीवर बसून निळ्या रंगाबद्दल बोलत होते, लोणच्याची उपमा देत होते, आणि मैत्रिणी म्हणत होत्या, किती छान समजावता हो तुम्ही. दारातून मला तुमची पाठ दिसत होती. तुम्ही चहा फुंकून पीत होता.

येताना रिक्षात तुम्ही एवढंच म्हणालात, "निळ्याला दोन हात लागतील." मला वाटलं, घरी गेल्यावर बोलतील. घरी आईने विचारलं, जमलं का, तर तुम्ही म्हणालात, जमलं, बाई खूश हायेत. आणि सोमवारी सकाळी तुम्ही तयार होऊन बसला होता. मी म्हटलं, अण्णा, मी दुसरे पेंटर लावते. तुम्ही म्हणालात, "मी रंगवाला हाय म्हणून सांगितलंयस. आता रंगवाला आला न्हाई तर तू खोटी पडशील." मी तेव्हा गप्प बसायला नको होतं. ते पहिलं वाक्य तोंडातून निसटलं असं मी स्वतःला सांगू शकते, पण त्यानंतरचे वीस-बावीस दिवस काही निसटलेले नव्हते. रोज सकाळी मी ठरवून तुमच्यापासून वेगळी गेले. तुम्ही आधीच्या रिक्षाने, मी नंतरच्या. रोज तुम्ही मला मॅडम म्हणालात. आईने दोघांना एकच भाजी दिलेली असायची, तुम्ही बाहेर पेरूच्या झाडाखाली डबा उघडायचा आणि मी आत. एक दिवस ती मुरब्याची बाई माझ्यासमोर भांडी आवरता आवरता म्हणाली, "मॅडम, एक इचारू? त्ये काका तुमचे कोन लागतात? नाक तर तुमचाच हाय." मी म्हणाले, "असतात काही काही सारखी." ती म्हणाली, "आसल बाय. आमी आपला इचारला. भाजी पन येकच दिसली." तिने पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती तुमचा चहा कपबशीतून नेऊन द्यायला लागली. ते मी पाहिलं आणि मला तिचा राग आला, अण्णा. तिचा.

शेवटच्या दिवशी बाईंनी तुम्हाला त्यांच्या नवऱ्याचा एक शर्ट दिला, वापरलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून. तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात. घरी आणून बाहीचं कापड बोटांत चोळून बघितलात आणि आईला म्हणालात, "रंग पक्का हाय. चांगल्या ठिकाणी रंगवलाय." मला वाटलं होतं तुम्ही तो कुणाला तरी देऊन टाकाल. तुम्ही तो घालायला लागलात. बाजारात जाताना, बँकेत जाताना, दोन वर्षं. मला कळेना की तुम्ही मला काही दाखवताय का. आता वाटतं, तसं काही नव्हतं, कपडा चांगला होता आणि चांगला कपडा तुम्हाला टाकवत नसे. पण मला त्या शर्टाकडे बघवायचं नाही, आणि बघवत नाही म्हणून मी तुमच्याकडेच कमी बघायला लागले.

त्या घराचे फोटो एका मासिकात आले. खाली माझं नाव आणि माझं लिखाण, गडद तपकिरीला सोबत कशी निवडावी याबद्दल. आधी त्याच्या पोटातला रंग ओळखा, पांढऱ्यापेक्षा सायीचा रंग घ्या, प्रत्येक रंगात मूळ तपकिरीचा अंश मिसळा. तुमची वाक्यं होती, मी फक्त तुमची बोली काढून टाकली होती. आईने ते मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही अंक डोळ्यांजवळ धरून फोटो बघितलात आणि म्हणालात, "निळा जरा जास्त आलाय. छपाईत होतंय असं." त्या लेखावर मला पुढची कामं मिळाली. आजही लोक माझ्याकडे येतात ते जुन्या गडद सामानाचं काय करायचं हे विचारायला.

मी एकदाच विषय काढला. तुम्ही दारात बसून तांदूळ निवडत होता, आईचे हात तेव्हा दुखायचे. मी म्हणाले, "अण्णा, त्या बंगल्यात मी जे बोलले ना..." तुम्ही ताटातून डोळे न काढता म्हणालात, "काम झालं न्हवं का चांगलं?" मी म्हटलं, झालं. "मग?" त्या "मग" नंतर मी बोलायला हवं होतं. तुम्ही मला जागा दिली होती की दार लावलं होतं, हे मला अजून ठरवता येत नाही. मी उठून आत गेले. त्यानंतर चार महिन्यांत छातीत दुखतंय म्हणून तुम्हाला पालघरला नेलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं.

तर या गुरुवारी मी त्या बंगल्यात गेले. बाई आता एकट्याच असतात, त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. चौदा वर्षांत त्यांनी खरंच एक वस्तू हलवली नव्हती. ओल आलेल्या कोपऱ्यात निळ्याचे पोपडे निघाले होते. त्या म्हणाल्या, "काकांना बरं नाही का? मी जाऊन भेटू शकते. कुठे राहतात?" मी म्हणाले, "ते गेले. बारा वर्षं झाली." "अरेरे," त्या म्हणाल्या, "आणि घरी कोण असतं त्यांच्या?" मी म्हणाले, "मी. आणि आई. ते माझे वडील होते."

बाईंना आधी कळलंच नाही. मग त्या हळूहळू खुर्चीवर बसल्या. मला वाटलं होतं त्या मला रागावतील, किंवा समजूत घालतील, जाऊ दे म्हणतील, तरुण होतात तुम्ही. मी त्या समजुतीची वाट बघत होते, हे तुम्हाला सांगायला लाज वाटते. त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "आठ खुर्च्या होत्या इथे. मी त्यांना पायरीवर चहा दिला." मी म्हणाले, त्यात तुमची काही चूक नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझी चूक नाही, माहीत आहे मला. तुम्ही ती माझ्या हातून करवलीत. त्या माणसाने माझ्या वडिलांचं घर मला परत दिलं, आणि मी त्याला यांचा जुना शर्ट दिला." त्यांचा आवाज चढला नाही. "मला जर कळलं असतं ना, मी त्यांच्या पाया पडले असते."

मी उभीच होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, ही गोष्ट तुमच्या-माझ्यातली आहे आणि तुम्ही गेलात तशी ती माझ्या एकटीची झाली. त्या घरात आणखी कुणाला मी तुमच्यासमोर लहान केलं होतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. जाताना बाई म्हणाल्या, "रंगाला माणूस पाठवू नका. तुम्ही स्वतः या आणि स्वतः कालवा." काल शनिवारी मी गेले. साय एका दमात जमली. निळा तीन वेळा चुकला, चौथ्यांदा वाळल्यावर जुन्या भिंतीच्या जवळ आला, अगदी तोच नाही. बाई म्हणाल्या, चालेल. त्यांनी चहा दिला आणि आम्ही दोघी त्या टेबलाशी बसून प्यायलो.

संध्याकाळी आईने विचारलं, "आज कुठं गेलतीस गं?" मी म्हटलं, साइटवर. आईला यातलं काहीच माहीत नाही, आणि हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून मी तो घरी नेणार नाही. आणि एक गोष्ट राहिली. गुरुवारी मी त्या बाईंना खरं सांगितलं, तेव्हा मला हलकं वाटलं, क्षणभर स्वतःचा अभिमानही वाटला. पण ते सांगायला तुम्ही तिथे नसावं लागलं, अण्णा. तुम्ही माझ्या शेजारी उभे असता, मळक्या सदऱ्यात, अनवाणी, आणि दारात दोन परक्या बायका असत्या, तर मी काय बोलले असते हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.